रांगोळीतली हजेरी

"पोपटावर पाय देऊ नका!" असं कुणीतरी हिंदीत ओरडलं, तेव्हा मी मुल्लानपूरच्या एका अर्धवट बांधलेल्या टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावर एक पाय हवेत धरून उभी होते. खाली पाहिलं. सिमेंटच्या कोब्यावर ऑइलपेंटनं रंगवलेला हिरवा पोपट होता, ताटाएवढा. त्याच्या शेजारी सायकल, तिच्यापलीकडे कढई, मग एक बिनशेपटीचं मांजर, एक घमेलं, एक पिवळी क्रेन. आणि प्रत्येक चित्रावर एकेक मूल मांडी घालून बसलेलं. पोपटाचा मालक पाणी प्यायला गेला होता. ती मोकळी जागा बघून मी सरळ तिथून निघाले होते.

ओरडणारी बाई साठी ओलांडलेली, पंजाबी, सलवार-कमीजवर खेळाचे बूट आणि हातात खडू. मुलं तिला मॅडमजी म्हणत होती. मीही त्या दिवसापासून तेच म्हणते.

आम्ही खरं तर फ्लॅट बघायला गेलो होतो. नवऱ्याची हवाई दलातली शेवटची बदली चंदीगडला झाली आणि निवृत्तीनंतर साताऱ्याला परतायचं की इथंच राहायचं, यावरून आमच्या घरात बरेच दिवस शीतयुद्ध चाललं होतं. मुलांनी ते संपवलं. त्यांना मराठी कळतं सगळं, पण उत्तर देतात हिंदीत. सातारा त्यांच्या लेखी सुट्टीत जायचं गाव. मग चंदीगडबाहेर शेतं जाऊन टॉवर उभे राहताहेत त्या मुल्लानपूरला आमच्या चकरा सुरू झाल्या. नमुना फ्लॅट दाखवणारा माणूस मॉड्युलर किचनचे गुण गात असताना मला शेजारच्या टॉवरमधून पाढे ऐकू आले. नवऱ्याला त्या किचनच्या हवाली करून मी आवाजाच्या मागं गेले. आम्ही तो फ्लॅट घेतला नाही, पण माझी त्या टॉवरमधली ये-जा मात्र कायमची झाली.

मॅडमजींनी उभी हयात पंजाबच्या सरकारी शाळांत शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर सकाळी फिरायला म्हणून या बाजूला येत. वाळूच्या ढिगावर दिवसभर बसलेली मजुरांची पोरं बघून त्यांचं फिरणं थांबलं ते थांबलंच. छत्तीसगडची, बुंदेलखंडची, बिहारची मुलं. आईबाप स्लॅबवर, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन खाली. मॅडमजींनी बिल्डरच्या ऑफिसात जाऊन ठाण मांडलं आणि एक मजला मागून घेतला. फरशा बसायला लागेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, तो त्यांचा.

चित्रांची पद्धत त्यांची स्वतःची. नवीन मूल आलं की त्याला नाव विचारायचं नाही. "नाव विचारलं की ते आईच्या ओढणीमागं जातं," त्या सांगत. "चित्र कुठलं हवं विचारलं, की पुढं येतं." मूल सांगेल ते चित्र त्या पेंटरांकडच्या उरलेल्या रंगानं जमिनीवर काढत, आणि ती त्याची जागा. मूल गेलं तरी चित्र राहायचं, त्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. हजेरी घ्यायची गरजच नव्हती. कढई मोकळी दिसली की मॅडमजी बूट वाजवत पत्र्याच्या खोल्यांकडे निघाल्याच, कढई कुठं आहे ते विचारायला.

मी आठवड्यातून दोनदा जाऊ लागले. मला शिकवता येतं असं नाही, पण गोष्टी सांगता येतात आणि आवाज खणखणीत आहे. क्रेनवाली मुलगी माझी खास मैत्रीण झाली. दहाएक वर्षांची असेल, अंगानं काटकुळी, बोलायला फटकळ. धाकटी बहीण सतत कडेवर. त्या बहिणीलाही स्वतःचं चित्र हवं म्हणून तिनं रडून गोंधळ घातला, तेव्हा मॅडमजींनी क्रेनच्या आकड्याला लटकणारा एक टोमॅटो काढून दिला.

एकदा कौतुकाच्या भरात मी म्हणाले, "मॅडमजी, तुमची शाळा फार छान आहे."

त्या फटकन म्हणाल्या, "ये स्कूल नहीं है जी. स्कूल सरकार का होता है, और उस पर इनका हक है. मैं तो बस इनको वहाँ तक छोडने वाली हूँ."

त्यांची सगळी धडपड त्यासाठीच होती. सरकारी शाळा होती, पण नव्या हायवेच्या पलीकडच्या गावात. तो रस्ता मोठी माणसं जीव मुठीत धरून ओलांडतात, सहा वर्षांचं पोर काय ओलांडणार? एक बस हवी होती आणि त्या शाळेत या मुलांसाठी एक जादा वर्ग. मॅडमजींनी अर्ज केले, ते परत आले. मजुरांची मुलं आज आहेत उद्या नाहीत, त्यांच्यासाठी वर्ग कसा उघडायचा, असं शिक्षण खात्याचं म्हणणं. अगदीच खोटं नव्हतं ते. आमच्याकडे गंमत अशी आहे की मजुराचं बिऱ्हाड टेम्पोत बसून तासाभरावर हललं तरी सरकार बदलतं. मुल्लानपूर पंजाबचं, मधे चंदीगड केंद्राचं, पलीकडे पंचकुला हरियाणाचं. मुलाला वाटतं आपण दुसऱ्या इमारतीत राहायला आलो. कागदावर ते परराज्यात गेलेलं असतं.

दिवाळी जवळ येत होती. मजला गेला की मुलं पुन्हा वाळूच्या ढिगावर, आणि या वेळी मॅडमजींकडे त्यांना बसवायला जागा नव्हती. मला त्याची धास्ती वाटायची. क्रेनवालीला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं. दिसेल ते वाचायची, सिमेंटच्या गोणीपासून माझ्या पिशवीपर्यंत.

आता आमच्या मंडळाबद्दल सांगायला हवं. चंदीगडमध्ये आम्ही मराठी माणसं मूठभर. फौजेतली, हवाई दलातली, मोहालीच्या आयटी कंपन्यांतली तरुण जोडपी. एरवी कुणी कुणाला भेटत नाही, पण गणपतीत एका सेक्टरचा हॉल घेऊन सगळे गोळा होतात, आणि चार मराठी माणसं जमली की एकाचा सत्कार व्हायलाच हवा. मला सत्काराचा मनापासून कंटाळा आहे. माणसाला शालीत गुंडाळून, हातात नारळ देऊन, पुन्हा त्याची आठवण काढायची नाही याची सोय म्हणजे सत्कार, असं माझं मत. ते मी दर वर्षी मीटिंगमध्ये मांडते आणि दर वर्षी माझ्याकडेच शाली आणायचं काम येतं.

त्या वर्षी मात्र मीच मॅडमजींचं नाव सुचवलं. मनात थोडा स्वार्थ होता. पेपरात फोटो आला, चार अधिकाऱ्यांच्या कानावर गेलं, तर अर्ज पुढं सरकेल. आमचे अध्यक्ष कर्नलसाहेब टेबलावर हात मारून म्हणाले, "वहिनी, पक्का! असा माणूस शोधून सापडायचा नाही." कर्नलसाहेब मूळचे नागपूरचे, फौजेत इंजिनीअर होते. निवृत्त झाले तरी मिशी आणि आवाज अजून सेवेत आहेत.

मॅडमजींनी दोन अटी घातल्या. पहिली, शाल एकटीला नको, मुलं येतील आणि सगळ्यांबरोबर जेवतील. दुसरी अट त्यांनी नंतर फोन करून घातली. शिक्षण खात्याचे साहेब अखेर मुलं बघायला यायला तयार झाले होते, आणि त्यांनी दिलेला दिवस नेमका आमच्या सत्काराचाच निघाला. सकाळी दहाला ते टॉवरवर येणार. मुलं खरंच आहेत, खरंच शिकतात, हे डोळ्यांनी बघणार. पटलं तर बस आणि वर्ग, नाहीतर फाईल बंद. तेव्हा मुलांना हॉलवर न्यायची तुमची बस बाराच्या आधी पाठवू नका, असं त्यांनी मला तीनदा सांगितलं. मी ते कर्नलसाहेबांना तीनदा सांगितलं. पण फौजी माणसाला वेळ सांगणं म्हणजे आजीला 'थोडंसं वाढ' म्हणण्यासारखं. त्यांच्या शास्त्रात वेळेवर पोहोचणं म्हणजे उशीर.

झालं असं. कर्नलसाहेबांनी आदल्या दिवशी त्या रस्त्याची पाहणी केली, पावसानं उखडलेला बघितला, राखीव वेळ धरला, राखीव वेळेला आणखी राखीव वेळ धरला, आणि साडेनऊलाच बस घेऊन टॉवरपाशी हजर झाले. नुसतं थांबायचं, असा त्यांचा बेत होता. तेवढ्यात मॅडमजी साहेबांना आणायला मुख्य रस्त्यावर गेल्या होत्या, कारण मोबाइलच्या नकाशात दिसणारा रस्ता तिथं अजून बांधलेलाच नव्हता. वर मुलांपाशी एका मुलाची आई होती. तिला सांगून ठेवलेलं, मोठे साहेब येणार आहेत, ते म्हणतील तसं करायचं. खाली गाडी थांबली, मिशीवाला, ताठ माणूस उतरला आणि त्यानं दणदणीत आवाजात विचारलं, "बच्चे तयार हैं?"

त्या माउलीनं मुलांना रांगेत खाली आणलं. कर्नलसाहेबांना वाटलं, पाहणी लवकर उरकली. शिस्तीनं आलेली रांग बघून त्यांचं मन भरून आलं. त्यांनी मुलांना बसमध्ये बसवलं आणि मागच्या गेटनं, तो रस्ता बरा म्हणून, चंदीगडकडे काढलं.

हॉलमध्ये आम्ही पंगतीची तयारी करत होतो. जमिनीवर सतरंज्यांच्या पट्ट्या, समोर पत्रावळी, आणि प्रत्येक पत्रावळीभोवती रांगोळी. उत्तरेत कुणी अशी पंगत मांडत नाही, म्हणून आम्हा बायकांना त्याचा फार अभिमान. मंडळात एक जोशीण काकू म्हणावं अशा ज्येष्ठ बाई आहेत, मी त्यांना नुसतं काकू म्हणते. रांगोळी हा त्यांचा प्रांत. प्रत्येक पत्रावळीपुढे त्यांनी सारखं, मोजून मापून एकेक कमळ काढलं होतं आणि कुणाचा पदर त्याला लागला तरी त्या डोळे वटारत होत्या.

मुलं बसमधून उतरताना बघून मी आनंदानं हात हलवत बाहेर गेले आणि घड्याळाकडे लक्ष जाऊन जागीच थांबले. त्याच वेळी फोन वाजला.

"बच्चे कहाँ हैं?" मॅडमजी विचारत होत्या. ओरडत नव्हत्या, हे जास्त वाईट होतं.

मी सांगितलं. साहेब आले होते, मोकळ्या मजल्यावर उभे होते, आणि बराच वेळ उभे होते. कर्नलसाहेबांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना. "वहिनी, आत्ता परत नेतो," म्हणाले आणि बसकडे धावले सुद्धा. पण तासाभराचा रस्ता होता आणि साहेब तासभर थांबणार नव्हते.

"त्यांना इकडे घेऊन या," मी म्हणाले.

मॅडमजींनी साहेबांना विचारलं असावं, कारण त्यांचं उत्तर मला लांबून ऐकू आलं. "खाने पे तो कोई भी आ जाता है, मॅडम."

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, द्या फोन त्यांना. माझी हिंदी रागात मराठी होते, तसं काहीतरी बोलले असेन. चूक आमच्या मंडळाची आहे, त्याची शिक्षा मुलांना कशी देता, असा एकंदर आशय. पलीकडून थकलेला, सभ्य आवाज म्हणाला की त्यांनी अशा पुष्कळ पाहण्या केल्या आहेत. मिठाईचा पुडा दाखवून आजूबाजूच्या वस्तीतली पोरं आणून बसवतात आणि शाळा चालते म्हणून दाखवतात. तरी या, नुसतं बघून जा, एवढंच मी म्हटलं. शेवटी ते म्हणाले, "ऑफिस जाते हुए रास्ते में पडेगा. पाँच मिनट रुकूँगा."

हॉलमध्ये परतले तर वेगळीच पंचाईत. पंगत मांडलेली, मसालेभाताचा वास सुटलेला, बायका "बसा बाळांनो, बैठो बैठो" करताहेत, आणि एकही मूल बसायला तयार नाही. सगळी भिंतीला चिकटून उभी. एक जण म्हणाली, बुजलीत. दुसरी म्हणाली, त्यांना खुर्च्या हव्या असतील. काकूंना वाटलं, यांना कुणीतरी रांगोळी पुसली तर रागावतील असं सांगून ठेवलंय, आणि त्या माझ्याकडे संशयानं बघू लागल्या.

मी क्रेनवालीला विचारलं, "क्या हुआ? भूक नहीं है?"

"है," ती म्हणाली. कडेवरची बहीण भाताकडे बघून हात नाचवत होती. "पर हमारा वाला कहाँ है? ये तो सब एक जैसे हैं."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जमिनीवर ओळीनं चित्रं, म्हणजे ज्याची त्याची जागा. इथं नुसती कमळं. कमळ कुणाचंच नव्हतं, म्हणून इथं बसायचा हक्क कुणालाच नाही, असा त्यांनी सरळ हिशेब केला होता. भुकेल्या पोटी, समोर पान मांडलेलं असताना. मला एकदम रडू आलं आणि ते लपवायला मी खाली बसले. काकूंची माफी मागून एक कमळ हातानं पुसलं आणि तिथं क्रेन काढली. क्रेन कसली, आमच्या गावच्या विहिरीवरचा रहाट वाटत होता. खाली टोमॅटो काढला. क्रेनवालीनं डोकं वाकडं करून बघितलं, दया येऊन काही बोलली नाही, आणि बहिणीला घेऊन पत्रावळीपुढे बसली.

मला वाटलं होतं काकू माझा जीव घेतील. त्या जवळ आल्या, काय चाललंय ते ऐकून घेतलं, पदर खोचला आणि पुढच्या मुलाला आपल्या पुणेरी हिंदीत विचारलं, "तेरा क्या रे, राजा?"

"तोता."

काकूंनी आयुष्यात काढला नसेल असा पोपट काढला. मग हॉलमध्ये एकच धांदल उडाली. आयटीतल्या मुली, ज्यांना रांगोळीची चिमूट धरता येत नव्हती, त्या मुलांना विचारून विचारून सायकली आणि मांजरं काढू लागल्या. मुलं दुरुस्त्या सांगत होती. "पूँछ नहीं है उसकी!" एकाचं चित्र भूत होतं. गणपतीसमोर भूत काढायचं का, यावर दोघींची चर्चा झाली आणि गणपतीला भुतांची सवय असते, त्याचे वडील भूतनाथच आहेत ना, असा निकाल लागला. एका मुलाचा जेसीबी होता. तो कुणालाच येईना. कोपऱ्यात मान खाली घालून बसलेले कर्नलसाहेब उठले, गुडघ्यावर टेकले आणि त्यांनी असा जेसीबी काढला की त्याचे दात मोजून घ्यावेत. तो मुलगा त्यांच्या पाठीवर रेलून बघत होता. काढून झाल्यावर कर्नलसाहेब बराच वेळ उठले नाहीत. मी म्हणाले, "गुडघा दुखतोय का?" ते म्हणाले, "हो." पण तसं नव्हतं.

मॅडमजी आणि साहेब आले तेव्हा मुलं जेवायला लागली होती. साहेब दारातच उभे राहिले. निळी पगडी, पांढरी होत चाललेली दाढी, बुटांवर चिखल. मग बूट काढून ते पंगतीच्या मधून चालू लागले, पोपटापाशी थांबले, सायकलपाशी थांबले, कढईपाशी थांबले. आमच्या चुकीमुळे तो माणूस सकाळी अर्धा तास रिकाम्या मजल्यावर उभा होता, आणि तिथं बघायला चित्रांशिवाय काहीच नव्हतं. रागारागानं का होईना, त्यानं ती सगळी पाहिली होती. आता तीच चित्रं इथं होती, आणि प्रत्येकापुढे भाताचा घास तोंडात धरलेलं त्याचं मूल. भातासाठी कुठूनही गोळा केलेल्या पोराला आपलं चित्र कुठून ठाऊक असणार?

"भूत किसका है?" त्यांनी विचारलं. भूतवाल्यानं हात वर केला. साहेब हसले नाहीत, पण दाढी हलली.

मग ते क्रेनवालीपाशी उकिडवे बसले. "वहाँ एक छतरी भी थी. लाल. वो यहाँ नहीं है."

छत्रीवाली गेल्याच महिन्यात गेली होती. आज आहेत उद्या नाहीत, हेच तर त्यांचं म्हणणं.

"वो तो गयी," क्रेनवाली म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही. "उसके बापू का काम पंचकुला में लग गया."

"देखा?" साहेब मॅडमजींकडे वळून म्हणाले. सूर कडवट नव्हता, दमलेला होता. "यही तो मैं कहता हूँ."

मॅडमजी अजून धापा टाकत होत्या. त्या पंजाबीत बोलल्या, सावकाश, वर्गात बोलतात तशा. छत्रीवाली गेली, पण शाळेत गेली. ज्या दिवशी टेम्पो निघाला, त्याच दिवशी त्या स्वतः पंचकुल्याला गेल्या, तिथल्या सरकारी शाळेत तिला बसवून आल्या. हरियाणाची शाळा आहे, म्हणून तुमच्या यादीत ती नसेल. पण आत्ता या क्षणी ती बाकावर बसली आहे, हवं तर मुख्याध्यापकांना फोन लावा. "मूल हलणारच, साहेब," त्या म्हणाल्या. "बाप जिथं भिंत बांधेल तिथं ते जाणार. शाळेनं त्याला एका ठिकाणी धरलं नाही तरी चालेल, पण एकदा तरी आपलं म्हणू दे."

साहेबांनी खिशातला फोन काढला नाही. क्रेनवालीला त्यांनी विचारलं, "पढ लेती हो?" आणि इकडेतिकडे बघितलं. हॉलमध्ये वाचायला एकच गोष्ट होती, मंडळाचा मराठी फलक. ती तोंडातला भात गिळून, अक्षर अक्षर जोडत, मोठ्यानं वाचू लागली. सत्कार समारंभाला उपस्थित असलेल्या सर्व मान्यवरांचे हार्दिक स्वागत. 'समारंभाला'पाशी अडखळली, मागं गेली, पुन्हा सुरू केलं आणि शेवटपर्यंत पोहोचली. पंगतीत वाढणाऱ्या बायका वाढायच्या थांबल्या होत्या.

"इसका मतलब क्या हुआ?" तिनं साहेबांना विचारलं.

"मुझे भी नहीं पता," साहेब म्हणाले. मग ते पंगतीच्या टोकाला बसले, काकूंनी त्यांच्यापुढे पान मांडलं, आणि ते जेवले. जाताना इतकंच म्हणाले, "देखते हैं जी."

सरकारी 'देखते हैं'चा अर्थ मला पुरता ठाऊक आहे, म्हणून मी फार आशा धरली नाही. सत्कार झाला. मानपत्र कर्नलसाहेबांनी अर्ध्यात थांबवलं, ते म्हणाले की मॅडमजींना यातलं अक्षरही कळत नाहीये आणि आपल्याला तरी कुठं कळतंय. शाल मॅडमजींनी घेतली. नारळ मात्र तिथल्या तिथं फोडायला लावला आणि त्याचे तुकडे मुलांच्या पानात गेले.

मग थांबणं आलं. दसरा गेला. दिवाळीत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवरही पणत्या लागल्या. दिवाळीनंतर टॉवरमध्ये फरशांचे खोके चढू लागले आणि मॅडमजींना मजला सोडावा लागला. खालच्या वाळूजवळ ताडपत्री बांधून त्या बसू लागल्या. थंडी पडायला लागली होती, मुलं शिंकत होती. मी गेले की आम्ही दोघी शाळेचा विषय काढत नसू. क्रेनवालीला तिच्या आईनं एका कोठीत, म्हणजे इकडच्या बंगल्यात, भांडी घासायला पाठवायचं ठरवलं, हे तिनंच मला सांगितलं, अगदी सहज. त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्याशी विनाकारण भांडले.

तिच्या आईला मॅडमजींनी आठवडाभर थांबवलं. आणखी एक आठवडा थांबवलं. आणि मग एका धुक्याच्या सकाळी त्यांचा फोन आला, की ये, लगेच ये, गरम कपडे घालून ये.

मी पोहोचले तेव्हा वाळूच्या ढिगापाशी पिवळी बस उभी होती. पंजाब सरकारची, जुनी, एका बाजूला चेपलेली, आणि मला तिच्याइतकं देखणं वाहन आजवर दिसलेलं नाही. वर्ग मंजूर झाला होता, शिक्षिका मिळाली होती. धाकट्यांना घरी कोण सांभाळणार हा प्रश्न होता, म्हणून शाळेनं अंगणवाडीही त्याच आवारात जोडून दिली होती. ते कुणी सुचवलं, ते कागदावर नव्हतं. पण पंगतीत जो माणूस एका मुलीला आपल्या पानातला घास आधी बहिणीला भरवताना बघत होता, त्यानंच ते केलं असणार, असं मी धरून चालते. त्याचा सत्कार करायचं मी पुढच्या मीटिंगमध्ये स्वतःहून सुचवलं, तेव्हा सगळे माझ्याकडे डोळे फाडून बघू लागले.

मुलं बसमध्ये चढली. ढकलाढकली, खिडकीवरून मारामारी, कुणाचा डबा सांडला. मॅडमजी प्रत्येकाची टोपी नीट करत होत्या, नाक पुसत होत्या, रस्त्यात उठू नका म्हणून बजावत होत्या, आणि कुणीही त्यांचं ऐकत नव्हतं. क्रेनवाली बहिणीला घेऊन सगळ्यात पुढच्या सीटवर बसली. बस सुटली. आम्ही दोघी हात हलवत उभ्या राहिलो. मुलं आतून पुढच्या काचेकडे बोटं दाखवत होती, हायवेकडे, पलीकडच्या गावाकडे. आमच्याकडे एकानंही पाहिलं नाही. मला ते थोडं लागलं. कित्येक महिने या बाईनं त्यांच्यासाठी पायपीट केली, एकदा हात तरी हलवायचा.

मी मॅडमजींकडे पाहिलं. त्या हसत होत्या आणि डोळे ओढणीनं टिपत होत्या.

"वेख्या?" बघितलंस का, असं माझा दंड घट्ट धरून त्या म्हणाल्या. "इक ने वी मुडके नईं वेख्या."